गोष्टीतून गळालेला मित्र

बडोद्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत बाबासाहेब आंबेडकरांची एक गोष्ट हमखास सांगितली जायची. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या नोकरीसाठी बडोद्याला उतरले. गावात कुणी जागा देईना, म्हणून पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले, त्यांनी ट्रंक रस्त्यावर फेकली, आणि बाबासाहेब कमाटीबागेत झाडाखाली जाऊन बसले. माझे आजोबा ही गोष्ट सांगताना ट्रंकेपाशी थांबायचे. ट्रंकेत काय होतं, असं आम्ही मुलांनी विचारायचं आणि त्यांनी "पुस्तकं" म्हणायचं, हा ठरलेला पाठ होता.

आजोबा मूळचे नेवाशाकडचे. गोयागेटच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले ते १९३० नंतर. म्हणजे गोष्ट घडली त्या १९१७ साली ते बडोद्यात नव्हतेच. ही गोष्ट त्यांनी वर्कशॉपमधल्या जुन्या माणसांकडून घेतली, त्यांनी आणखी कुणाकडून. प्रत्येकानं तिला थोडं घासूनपुसून पुढे दिलं असणार. तरी आमच्या घरात ती खरीच होती, आणि आजही आहे. फरक एवढाच, की त्या गोष्टीत आणखी एक माणूस होता. तो कुठेतरी वाटेत गळाला होता. तो मला सापडला पुण्याच्या सेमिनरीत.

तिथवर जाण्याआधी बडोद्याच्या मंडळीबद्दल सांगायला हवं. फतेगंजात मेथडिस्ट चर्चच्या आसपास आमचं सगळं जग होतं. तिथे गुजराती ख्रिस्ती पुष्कळ, आम्ही मराठी थोडे. आजी गुजराती भजनं मराठी उच्चारांत म्हणायची आणि शेजारच्या डोशीमा आजीकडून नारायण वामन टिळकांची मराठी भजनं शिकायच्या. डोशीमांच्या गोष्टी छप्पनियापासून सुरू होत. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, गुजरातेतला तो भयंकर दुष्काळ. त्यांच्या सासूबाई त्या दुष्काळात आईबाप गमावून मिशनच्या अनाथाश्रमात आलेल्या. घर विणकरांचं. माग होता, सूत आणायला पैसा नव्हता, आणि पाऊसच पडला नाही. डोशीमा सांगत, की सासूबाईंना आपल्या आईचा चेहरा आठवत नसे, पण आई झाडाची साल कुटून त्याची भाकरी करायची तो आवाज आठवे. म्हातारपणीही कुणी उखळात काही कुटायला बसलं, की सासूबाई उठून बाहेर जात.

त्या दुष्काळाच्या मागेपुढे मध्य गुजरातेतली विणकर कुटुंबं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाली, आणि एवढ्या मंडळ्यांना पाळक हवे होते. म्हणून मेथडिस्ट मिशननं बडोद्यातच ईश्वरविज्ञानाची शाळा चालवली, फ्लॉरेन्स बी. निकल्सन यांच्या नावाची. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं तिला नुसतं 'निकल्सन' म्हणायची. तिथे शिकून गेलेले पाळक चरोतरच्या खेड्याखेड्यांत पसरले. डोशीमांचा एक दीर त्यांतला. तो सायकलवरून उपासना घ्यायला जायचा आणि जोसेफच्या स्वप्नांची गोष्ट इतकी रंगवून सांगायचा, की ख्रिस्ती नसलेली माणसंही ओट्यावर येऊन बसत. जोसेफ भावांनीच विकलेला गुलाम होता, हे तो पुन्हा पुन्हा सांगे. 'भावांनीच' हा शब्द तो जोर देऊन म्हणायचा, असं डोशीमा सांगत.

सयाजीरावांच्या राज्याबद्दल आमच्या वाड्यात कृतज्ञता होती आणि ती रास्त होती. अस्पृश्यांसाठी सरकारी शाळा त्यांनी १८८० च्या दशकातच काढल्या, तेव्हा त्या शाळांना सवर्ण शिक्षक मिळत नव्हते. प्राथमिक शिक्षण साऱ्या राज्यात सक्तीचं केलं १९०६ साली. भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कला पाठवलं १९१३ साली, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन, तीन वर्षांसाठी. बदल्यात राज्याची नोकरी करायची, असा करार होता. तो पाळण्यासाठीच ते १९१७ साली बडोद्याला आले. राजा एवढा पुढारलेला, आणि त्याच्या राजधानीत त्यानंच शिकवून आणलेल्या माणसाला रात्रीपुरतं छप्पर मिळेना. आजोबा म्हणायचे, "महाराजांचा हुकूम कचेरीपर्यंत चालायचा. घराच्या उंबऱ्यापाशी थांबायचा."

मी सेमिनरीत गेले ते १९९० च्या दशकात. घरातून ईश्वरविज्ञान शिकायला जाणारी मी पहिली, आणि मुलगी म्हणून तर मंडळीतही नवलच होतं. सेरामपूरच्या सिनेटचा बी.डी.चा अभ्यासक्रम. ग्रीक, हिब्रू, मंडळीचा इतिहास, उपदेशशास्त्र. पहिली दोन वर्षं मी ऑगस्टीन, ल्यूथर आणि वेस्ली वाचण्यात घालवली आणि त्याचा मला आजही आनंद आहे. पण वेस्लीच्या मागोमाग जो धडा आला, त्यानं मला खऱ्या अर्थानं जागं केलं.

जॉन वेस्लीनं १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. मरणापूर्वी काही दिवस, १७९१ साली, विल्बरफोर्सला पत्र लिहून गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा लढा सोडू नकोस असं कळवलं होतं. हे वाचताना अभिमान वाटला, कारण बडोद्याची मंडळी वेस्लीच्याच घराण्यातली. मग शिक्षकांनी पुढचं पान उघडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीची फिलाडेल्फियातली मेथडिस्ट मंडळी. रविवारची उपासना. गुडघे टेकून प्रार्थना करत असलेल्या काळ्या माणसांना मंडळीचे कारभारी दंडाला धरून उठवतात, 'ही तुमची जागा नव्हे' म्हणून. प्रार्थना संपेपर्यंत तरी थांबा, असं सांगूनही थांबत नाहीत. ते सगळे उठले आणि बाहेर पडले. त्यांच्यात रिचर्ड ॲलन होता, जन्मानं गुलाम. त्यानं पुढे १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं केलं. अमेरिकेतल्या उरलेल्या मेथडिस्टांची मंडळी १८४४ साली गुलामगिरीच्याच प्रश्नावरून दुभंगली. तिच्या उत्तरेकडच्या शाखेनं हिंदुस्थानात मिशनरी पाठवले, आणि तेच पुढे गुजरातेत आले. म्हणजे दंडाला धरून उठवलेल्या त्या प्रार्थनेची गोष्ट ही परक्या देशाची गोष्ट नव्हती. ती आमच्याच कुळकथेतली होती, आणि आम्हाला ती कुणी सांगितली नव्हती.

ईश्वरविज्ञानी जेम्स कोन याच आफ्रिकन मेथडिस्ट मंडळीतला. जन्म १९३८, आर्कान्सा राज्यातला. बेअर्डन नावाच्या छोट्या गावात वाढलेला. १९६७ साली डेट्रॉइट पेटलं, १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, आणि त्या संतापात त्यानं पहिलं पुस्तक लिहिलं. ते १९६९ साली आलं, पाठोपाठ १९७० साली कृष्णवर्णीयांच्या मुक्तीच्या ईश्वरविज्ञानावरचं दुसरं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देव मिसर देशात गुलामांच्या बाजूनं उभा राहिला, येशू दडपलेल्यांत जन्मला आणि त्यांच्याबरोबर मारला गेला, म्हणून जे ईश्वरविज्ञान दडपलेल्यांची बाजू घेत नाही, ते ख्रिस्ती नाहीच. आणि हे तो नास्तिकांना सांगत नव्हता. ज्यांच्या पुस्तकांवर पदव्या मिळतात, त्या गोऱ्या ईश्वरविज्ञान्यांना सांगत होता. पेरूमध्ये गुस्तावो गुतिएरेस या कॅथलिक धर्मगुरूनंही त्याच सुमारास, १९७१ साली, मुक्तीच्या ईश्वरविज्ञानाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा प्रश्न गरिबीचा होता, कोनचा वर्णाचा. आमच्या वर्गात गुतिएरेसबद्दल फारसं कुणाचं दुमत नव्हतं. गरिबांबद्दल बोलायला सगळ्यांना आवडतं. कोनचं पुस्तक उघडलं, की मात्र कुजबुज सुरू व्हायची. हे अमेरिकेतलं भांडण, इथं कशाला, असं एकानं विचारलं.

इथं कशाला? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या माणसांची गुलामी संपवायला झीज सोसली त्यांनाच अर्पण केलं. १९४६ साली आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला त्याची प्रत मागवली, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तर दिलं. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीनं दलित पँथर काढली, ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. न्यूयॉर्कच्या ज्या युनियन सेमिनरीत कोननं जवळजवळ आयुष्यभर शिकवलं, ती कोलंबिया विद्यापीठापासून चार-पाच गल्ल्यांवर आहे. ती तिथे १९१० साली आली. भीमराव १९१३ साली न्यूयॉर्कला पोचले. त्या इमारतींवरून ते रोज जात असणार.

बडोद्यापासून दीडेकशे किलोमीटरवर बारडोली आहे. १९३६ च्या फेब्रुवारीत तिथे अमेरिकेतले कृष्णवर्णीय पाळक हॉवर्ड थर्मन, त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन आणि त्यांच्याबरोबरचे आणखी एक कृष्णवर्णीय पाळक, एडवर्ड कॅरल, गांधीजींना भेटायला आले. कॅरल मेथडिस्ट होते. भारतातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या चळवळीनं त्यांना बोलावलं होतं. गांधीजींनी गुलामगिरीबद्दल खोदून खोदून विचारलं आणि त्यांच्याकडून वधस्तंभाचं गुलामांचं गाणं म्हणवून घेतलं. थर्मननी पुढे १९४९ साली 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' हे छोटं पुस्तक लिहिलं. येशू हा रोमन सत्तेखाली भरडलेल्या, हक्क नसलेल्या ज्यूंतला एक होता, हे ध्यानात धरून शुभवर्तमान वाचा, असं ते सांगतात. कोनच्या वीस वर्षं आधी. ही भेट बारडोलीत झाली हे मला गुजरातेत वाढूनही ठाऊक नव्हतं, पुण्यात समजलं.

त्यानंतर आला अरविंद निर्मल यांचा निबंध. निर्मल बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शिकवत. तिथे १९८१ साली त्यांनी शूद्र ईश्वरविज्ञानाबद्दल व्याख्यान दिलं, आणि दलित ईश्वरविज्ञानाची सुरुवात तिथून धरतात. पुढे मद्रासच्या गुरुकुल कॉलेजात त्यांनी त्या विषयाचा विभागच उभा केला. त्यांचा आक्षेप असा, की भारतातल्या ख्रिस्ती विचारवंतांनी शंभर वर्षं वेदान्ताशी, भक्तीशी, ब्राह्मणी परंपरेशी संवाद केला, आणि मंडळीत बसलेली बहुसंख्य माणसं ज्या वस्त्यांतून आली त्या वस्त्यांशी कधी बोललेच नाहीत. मला हे पटायला जड गेलं. टिळकांच्या भजनांवर मी वाढले. तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी आलेल्या त्या कवीवर माझं आजही प्रेम आहे. पण निर्मल बरोबर होते. आजीच्या आजोबांची वाट तुकोबांच्या गाथेतून आली नव्हती. ती वेशीवरून आली होती.

अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणसानं पहिलं पीक देवाला अर्पण करताना म्हणायची कबुली आहे. माझा बाप भटका अरामी होता, तो मिसरात गेला, तिथे त्याला गांजलं, देवानं आमची हाक ऐकली. निर्मल विचारतात, आमचा बाप कोण होता? त्याला तर भटकण्याचीही मोकळीक नव्हती. त्याच्या कमरेला फांदी होती, गळ्यात गाडगं होतं. आमच्या शिक्षकांनी तो निबंध वाचून दाखवला आणि सुट्टीसाठी काम दिलं: आपापल्या घराची कबुली लिहून आणा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून.

आजोबा तोवर वारले होते. आजी होती. फतेगंजातल्या घराच्या मागच्या पडवीत ती गवार मोडत बसली होती, आणि मी वही घेऊन समोर. आजीनं आधी वही मिटायला लावली. मग सांगायला लागली.

"माझा आजा येसकर होता. रातच्याला वेशीपाशी बसायचा. दिवसा सांगावा घेऊन पळायचा. मेलेलं जनावर वढायचं, सरपण फोडायचं, आणि सांजच्याला घरोघर भाकर मागायची. येसकराची काठी असायची, घुंगराची. आजा सांगायचा, काठी वाजली की वाड्यातली बाई वरूनच भाकर टाकायची. झेलता आली तर झेलायची."

मिशनचा मास्तर वस्तीत शाळा घेऊन आला, आणि आजानं ठरवलं की नातवंडांनी भाकर झेलायची नाही. बाप्तिस्मा झाला त्या दिवशी त्यानं काठी पाटलाच्या पायरीवर नेऊन ठेवली. गावानं वर्षभर त्याला विहिरीजवळच्या रस्त्यानं जाऊ दिलं नाही. ही गोष्ट आजी ताठ बसून सांगत होती. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "आता दुसरं बी लिही. त्ये कुणी सांगत न्हाय."

दुसरं असं होतं. मिशनच्या देवळात प्रभुभोजनाला एकच प्याला फिरायचा. महारवाड्यातून आलेले पुढे, मांगवाड्यातून आलेले त्यांच्या मागे. एका वर्षी नव्या पाळकानं सगळ्यांना मिसळून उभं केलं. आजीचा आजा, ज्यानं पाटलाच्या पायरीवर काठी ठेवली होती तोच, रांगेतून मागे सरकला. प्याला न पिता घरी आला. दोन महिने देवळात गेला नाही. शेवटी त्याच्या बायकोनं त्याला काय सुनावलं, ते आजीला तोंडपाठ होतं: "तुला वरून टाकलेली भाकर चालली, आन् शेजारच्याच्या हातचा प्याला चालंना?" पुढच्या प्रभुभोजनाला तो गेला. सगळ्यांत शेवटी उभा राहिला आणि प्याला रिकामा केला.

मी ती कबुली लिहिली. काठीही लिहिली आणि प्यालाही. वर्गात वाचताना प्याल्याच्या भागाशी शांतता पसरली, कारण प्रत्येकाच्या मंडळीत तो प्याला होता.

त्याच सत्रात ग्रंथालयात आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनाचा बारावा खंड आला. महाराष्ट्र शासनानं तो १९९३ साली काढलेला. त्यात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आठवणींचं छोटं लेखन आहे, १९३५-३६ च्या सुमाराला लिहिलेलं. दुसरी आठवण बडोद्याची. आजोबांची गोष्ट आता साहेबांच्या स्वतःच्या शब्दांत समोर होती. धर्मशाळेचा वरचा मजला. मोडक्या खुर्च्या, बाकं, फळ्या आणि अडगळीनं भरलेला मोठा हॉल. वीज नाही. रखवालदार संध्याकाळी एक कंदील आणून ठेवायचा, त्याचा उजेड काही इंचांपलीकडे जात नसे. वटवाघळं फडफडायची. दिवसाला दीड रुपया. अकरावा दिवस, काठ्या घेतलेले पारशी, सगळं होतं. रस्त्यावर फेकलेली ट्रंक नव्हती. ती आमच्या म्हाताऱ्यांनी घातलेली. खरं तर ते रात्री स्वतः सामान घ्यायला परत गेले. रखवालदार बाहेर आला. दोघांपैकी कुणालाही शब्द फुटला नाही. त्यांनी भाडं चुकतं केलं आणि ते निघाले.

पण त्याआधी, सकाळ आणि रात्र यांच्या मधल्या तासांत, ते दोन मित्रांकडे गेले होते. एक हिंदू. त्याला वाईट वाटलं, पण तो म्हणाला, तुम्ही माझ्याकडे राहिलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. त्यानं सांगितलं, उद्या बायको येणार आहे, तिला विचारून कळवतो. आंबेडकरांना मागाहून कळलं की तो सभ्य नकार होता. नवरा-बायको दोघं मूळचे ब्राह्मण. बाप्तिस्म्यानंतर नवऱ्याचे विचार मोकळे झाले होते, बायकोचं सोवळं सुटलं नव्हतं. तो दरवाजाही बंद झाल्यावर रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतच्या पाच तासांतले बहुतेक त्यांनी कमाटीबागेत काढले.

ग्रंथालयात बसून मी ते पान परत परत वाचलं. बडोद्याच्या ख्रिस्ती वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या गोष्टीत पारशी होता, काठ्या होत्या, नसलेली ट्रंक होती, आणि ख्रिस्ती मित्र तेवढा नव्हता.

त्या बाईचा विचार करताना मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नारायण वामनांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षं आणि त्यातलं सोवळंओवळं, पाण्याचा विटाळ, मनाची ओढाताण हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये उघड लिहून ठेवलं. जात सुटताना किती ठिकाणी सोलवटून निघते, ते मराठीत त्यांच्याइतकं प्रामाणिकपणे क्वचितच कुणी सांगितलं असेल. म्हणून बडोद्याच्या त्या बाईला मी राक्षसीण म्हणणार नाही. पण लक्ष्मीबाईंनी ओलांडलेली रेघ ओलांडायला तिला कुणी लावलं नाही, तिच्या पाळकानं नाही, तिच्या मंडळीनं नाही, आणि नवऱ्यानं तर तिच्या आडून नकार दिला. दोष मंडळीचा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते पान आजीला मराठीत सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांला ठावं असतं, तरी त्यांनी सांगितलं नसतं, पोरी." का, ते तिनं उलगडलं. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा ख्रिस्ती वस्त्यांत आशा पेटली. साहेब आपल्यात येणार! मिशनरीही धावपळ करत होते. मुंबईचे मेथडिस्ट बिशप पिकेट यांची तर साहेबांशी ओळख होती. वर्कशॉपमधले ख्रिस्ती कामगार रात्री जमून त्यासाठी प्रार्थना करत. "ज्याच्यासाठी वाट झाडायची, त्याला आपणच हाकललं व्हतं असं कोण बोलंल?"

साहेब आले नाहीत. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती मंडळींसमोर बोलताना त्यांनी सांगून टाकलं, की ख्रिस्ती समाज म्हणून तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाहीत. १९५६ च्या दसऱ्याला ते नागपुरात बौद्ध झाले. आजीचे दोन भाऊ त्यांच्यामागे गेले. तेव्हापासून आमचं घर दोन धर्मांत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच येसकराची खापरपतवंडं आम्ही. आजीच्या भावाच्या पणतीला दाखला मिळतो, माझ्या मुलीला नाही. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध लढलंच पाहिजे. पण या लढ्यात 'आमच्यात जात नाही' असं सांगत उभं राहिलो, तर खोटं बोललो. आमच्यात जात आहे, म्हणूनच दर्जा हवा आहे.

सेमिनरी संपल्यावर मी गुजरातेत परतले. तेव्हा खंबायत तालुक्यातल्या गोलाण्याचं नाव प्रत्येक बैठकीत निघे. २५ जानेवारी १९८६ ला तिथे चार विणकरांना मारण्यात आलं. अहमदाबादच्या सेंट झेवियर्सच्या येशूसंघी धर्मगुरूंचं बिहेव्हिअरल सायन्स सेंटर त्या गावांत काम करत होतं. त्या केंद्रातल्या मार्टिन मॅकवान यांनी तो खटला शेवटापर्यंत नेला, आरोपींना जन्मठेपा झाल्या, आणि पुढे त्यांनी 'नवसर्जन' उभी केली. मुक्तीचं ईश्वरविज्ञान शिकवताना मी विद्यार्थ्यांना गुतिएरेसच्या आधी गोलाणा सांगते. २०११ साली कोनचं 'द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री' आलं. वधस्तंभ रोज गळ्यात घालणाऱ्या अमेरिकन मंडळीला झाडावर टांगलेल्या काळ्या माणसांत तो वधस्तंभ दिसला नाही, असं तो लिहितो. मी ते खैरलांजीच्या हत्याकांडानंतर पाच वर्षांनी वाचलं. २९ सप्टेंबर २००६. त्यानंतरच्या रविवारी महाराष्ट्रातल्या किती व्यासपीठांवरून तिथल्या भोतमांगे कुटुंबासाठी प्रार्थना झाली, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

आजीला आवडणारी एक बायबलची गोष्ट कोनपाशी नाही, ती डेलोरेस विल्यम्स या कृष्णवर्णीय ईश्वरविज्ञानी बाईपाशी आहे. १९९३ सालच्या पुस्तकात तिनं हागार मध्यभागी आणली. अब्राहामाच्या घरातली मिसरी दासी, भाकरी आणि पाण्याची मसक देऊन रानात हाकललेली. देवानं तिला त्या घरातून सोडवलं नाही, पण जगायची वाट दाखवली, आणि देवाला स्वतः नाव देणारी ती बायबलमधली पहिलीच. विल्यम्स म्हणते, काळ्या बायकांचा देव हा. आजीनं हे पुस्तक वाचणं शक्य नव्हतं. पण नवरात्रात शेजारणी देवीला जात तेव्हा ती म्हणायची, "माझी हागार. तिला बी घरच्यांनीच काढलं." काढणारा अब्राहाम विश्वासणाऱ्यांचा बाप होता, हे ती विसरली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे. मिसर देशाचा फारो आम्ही नेहमी मंडळीच्या बाहेर दाखवतो: गावचा पाटील, सनातनी, सरकार. कोननं तो मंडळीच्या आत दाखवला, निर्मलनी दाखवला, आणि बडोद्याच्या त्या पानावर आंबेडकरांनी आमच्यावर एकही कठोर शब्द न वापरता दाखवला. मराठी आणि गुजराती ख्रिस्ती माणसाचं मुक्तीचं ईश्वरविज्ञान त्या न उघडलेल्या दारापासून सुरू व्हायला हवं. दुसरीकडून सुरू केलं, तर ते इतरांना उपदेश करण्यातच संपतं.

कमाटीबागेतली ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दर २३ सप्टेंबरला तिथे माणसं लांबून येतात, बहुतेक निळे झेंडे घेऊन. फतेगंजाहून ती जागा जवळ आहे. माझी बडोद्याच्या आणि महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना विनंती आहे, की २३ सप्टेंबरच्या जवळच्या रविवारी उपासनेत ते पान वाचावं. ख्रिस्ती मित्राचा भाग वगळू नये. वाचून झालं की त्या दिवशी बागेत जावं, आणि आलेल्यांपैकी ज्यांना मुक्काम हवा असेल त्यांना घरी न्यावं. सेमिनरीत जाणाऱ्या मुलामुलींनी जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसून काठीची गोष्ट विचारावी, आणि प्याल्याचीही. बडोद्याच्या आठवणीची पानं फार नाहीत. वाचायला दहा मिनिटं लागतात.